बॅट कोणाची, चेंडू कोणाचा? बाळू पालवणकर यांची कारकीर्द

छत्रपती संभाजीनगरात खाम नदी ओलांडून पश्चिमेकडे गेले की शहराची चाल बदलते. दरवाजे, बोळ आणि दाटीची वस्ती मागे पडते आणि सरळ रस्ते, रुंद आवारांचे जुने बंगले, ब्रिटिशकालीन चर्च आणि मोकळी मैदाने दिसू लागतात. ही छावणी. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असलेले हैदराबाद कंटिन्जंटचे सैन्य येथे राहत असे आणि जून १८५७ मध्ये त्याच सैन्यातील घोडदळाने येथे उठाव केला होता. महाराष्ट्रात अशा सात छावण्या आहेत: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, कामठी आणि ही संभाजीनगरची. इतिहासाच्या पुस्तकांत छावणीचे नाव येते ते बहुधा बंडाच्या किंवा लढाईच्या निमित्ताने. प्रस्तुत लेखमालिकेचा विषय मात्र छावणीतील संध्याकाळच्या वेळेचा आहे, म्हणजे कवायत संपल्यावर त्याच मैदानावर जो खेळ सुरू होई त्याचा.

छावणी म्हणजे केवळ पलटण नव्हे. साहेबाच्या बंगल्यामागे खानसामा, मोतद्दार, भिस्ती, धोबी यांची एक वेगळीच वस्ती असे. सैन्याला बूट लागत, खोगिरे लागत, पट्टे लागत. म्हणून चामड्याचे काम जाणणाऱ्यांना तेथे रोजगार असे. गावगाड्याने ज्यांना वेशीबाहेर ठेवले होते अशा अनेक कुटुंबांना छावणीने पगार दिला, आणि कित्येकांच्या मुलांना अक्षरओळखही दिली. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी जन्मलेले भीमराव हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. या लेखाचा नायक त्यांच्यापेक्षा सुमारे पंधरा वर्षांनी मोठा. त्याचे नाव बाळू पालवणकर. हे दोन छावणीपुत्र पुढे १९३७ साली एकाच मतदारसंघात एकमेकांसमोर उभे राहिले. त्या प्रसंगाकडे शेवटी येऊ.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडचा. कुटुंब चांभार समाजातील आणि मूळचे कोकणातले. आडनाव गावावरून आलेले. वडील लष्करी सेवेत असल्याने मुलांचे बालपण पुण्याच्या लष्करी परिसरात गेले. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळू लागले. शाळा लवकरच सुटली. बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि तिच्यावर रोलर फिरवण्याचे. पगार महिना ३ रुपये. मधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे, तेही त्याच पगारात.

१८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथेही खेळपट्टी तयार करणे, जाळी उभी करणे, रेषा आखणे, गरज पडल्यास टेनिसच्या मैदानाची निगा राखणे अशीच कामे होती. ट्रॉस नावाच्या एका साहेबाने त्यांना प्रथम जाळीत चेंडू टाकायला सांगितले असे म्हणतात. कॅप्टन बार्टन नावाचा एक डावखुरा गोलंदाज तेथे खेळत असे. त्याची सहज, लयदार फेक बाळूंनी पाहून पाहून आत्मसात केली. प्रशिक्षक असा कोणी नव्हता.

मग आला जे. जी. ग्रेग. हॅम्पशायरकडून खेळलेला, बुटका आणि मनगटाचा फार चलाख असा हा लष्करी अधिकारी त्या काळी हिंदुस्थानातील युरोपियन फलंदाजांत पहिल्या रांगेत होता. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांचा उच्चार ऐकून लोक त्याला 'जंगली' म्हणत. (पुढे तो कर्नल झाला, हॅम्पशायर काउंटीचा सचिव झाला आणि उतारवयात चक्क कॅथलिक धर्मगुरू झाला.) ग्रेग इतर सभासदांच्या तासभर आधी मैदानावर येई आणि एकट्या बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. परंपरेने आलेली कथा अशी की, आपल्याला बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे देण्याचे त्याने कबूल केले होते.

ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यातील हिशेब पाहण्याजोगा आहे. सोळा आण्यांचा रुपया. म्हणजे ग्रेगला सहा वेळा बाद केले की पारशी क्लबातील एका महिन्याचा पगार हाती येई. नुसता उत्साह म्हणून चेंडू टाकणे वेगळे आणि घरच्या पिठामिठासाठी टाकणे वेगळे. चेंडू कोठे टप्पा घेतो, किती वळतो, समोरच्याचा पाय किती पुढे येतो याचा अभ्यास बाळूंनी या जाळीत शेकडो तास केला. आणि या शेकडो तासांत त्यांच्या हाती एकदाही बॅट दिली गेली नाही. आठवणी सांगणाऱ्यांनी हा तपशील आवर्जून नोंदवला आहे.

येथे जरा थांबायला हवे, कारण बाळू गोलंदाज का झाले याचे उत्तर याच तपशिलात आहे. त्या काळच्या क्रिकेटमध्ये फलंदाजी ही मिजाशीची गोष्ट आणि गोलंदाजी हे कष्टाचे काम मानले जाई. ही विभागणी हिंदुस्थानात जन्मलेली नव्हे. इंग्लंडमध्ये हौशी 'जंटलमन' आणि पैसे घेऊन खेळणारा 'प्लेयर' असे दोन वर्ग होते; त्यांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत आणि अनेक ठिकाणी मैदानात उतरण्याचे दरवाजेही वेगळे असत. उत्तम फलंदाज बहुधा पहिल्या वर्गातले, दिवसभर चेंडू टाकणारे बहुतेक दुसऱ्या वर्गातले. यॉर्कशायरचा विल्फ्रेड ऱ्होड्स, ज्याच्याशी बाळूंची पुढे तुलना झाली, तो या दुसऱ्या वर्गातला. १९२५ साली लॉर्ड हॉक यांनी इंग्लंडचे कर्णधारपद पगारी खेळाडूकडे कधी न जावो अशी जाहीर प्रार्थना केली होती, आणि विसाव्या शतकात इंग्लंडला पहिला पगारी कर्णधार मिळाला तो थेट १९५२ साली, लेन हटनच्या रूपाने.

छावणीच्या जाळीत हा इंग्रजी वर्गभेद आणि हिंदू जातिभेद एकमेकांवर अगदी नेमके बसले. मात्र साम्य फार ताणू नये. ऱ्होड्सचा दरवाजा वेगळा होता, पण त्याच्या स्पर्शाने कोणी स्नान करीत नसे.

बाळूंची शैली डावखुऱ्या मंदगती फिरकीची. उजव्या हाताच्या फलंदाजापासून बाहेर जाणारा चेंडू हे त्यांचे मुख्य अस्त्र. त्याला जोड वेग बदलण्याची, हवेत चेंडू तरंगत ठेवण्याची आणि मधूनच आत येणाऱ्या चेंडूची. फेक इतकी सहज की दिवसभर टाकूनही थकवा दिसत नसे. त्या काळी खेळपट्ट्या झाकल्या जात नसत. दव, पाऊस आणि ऊन यांनी त्यांचा स्वभाव तासातासाला बदले. वर्षानुवर्षे रोलर ओढणाऱ्या माणसाला तो बदल पायाखालीच कळत असणार. खेळपट्टीचे हे ज्ञान त्यांना क्रिकेटच्या कोणत्याही ग्रंथाने दिले नव्हते, झाडूने दिले होते.

त्याच सुमारास पुण्यातील हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवण्याची ईर्ष्या होती. जगातील उत्तम फलंदाजांपैकी एकाला रोज सकाळी चेंडू टाकणारा डावखुरा त्याच गावात आहे, ही गोष्ट त्यांच्या कानावर होतीच. त्याला संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. क्लबातील तेलुगू सभासद त्याच्या बाजूचे होते. पुणेकर ब्राह्मण सभासदांपैकी अनेकांचा विरोध होता. ग्रेगने वृत्तपत्रातून टोला हाणला की, बाळूसारख्या गोलंदाजाला बाहेर ठेवणारे हिंदू मूर्ख ठरतील. यामागे त्याचे अस्पृश्यतेविषयी काही मत होते असे मानण्याचे कारण नाही. त्याला बहुधा तगडा प्रतिस्पर्धी हवा होता. कसेही असो, बाळू संघात आले.

मैदानावर आले, पण पव्हेलियनमध्ये नव्हे. खेळ सुरू असताना ज्या चेंडूला त्यांचे बोट लागे तोच चेंडू ब्राह्मण यष्टिरक्षक झेली. त्याला विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की इतरांना आत चिनी मातीच्या कपबशीत चहा मिळे आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या पेल्यात. तोंड धुवायचे असल्यास क्लबातील अस्पृश्य नोकर मैदानाच्या कडेला पाणी आणून देई. जेवणाचे ताट वेगळे, बसण्याची जागाही वेगळी. अशा स्थितीत त्यांनी पुण्याच्या युरोपियनांविरुद्ध बळींमागून बळी घेतले.

साताऱ्याच्या सामन्याची हकिकत तर खेळपट्टीची जाण असणाऱ्याला विशेष रुचेल. तेथील युरोपियन जिमखान्याने बाळूंची कीर्ती ऐकली होती. त्यांच्या फिरकीला वाव मिळू नये म्हणून यजमानांनी सामन्याआधी कित्येक दिवस खेळपट्टीवर रोलर फिरवून ती अगदी निर्जीव करून टाकली. म्हणजे रोलर ओढून जो वर आला त्यालाच रोलरने दाबण्याचा हा प्रकार. बाळूंनी सात बळी घेतले आणि पुणेकर जिंकले. परत आल्यावर त्यांचा सत्कार झाला. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना हार घातला आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाता-पिता का येत नाही, असे संघातील इतरांना विचारले, अशी नोंद आहे. आणखी एका समारंभात लोकमान्य टिळकांनीही त्यांचा गौरव केला. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय स्वातंत्र्य, यावर पुण्यात ज्या दोघांची जन्मभर जुंपली ते दोघे एका चांभार गोलंदाजाच्या गळ्यात हार घालण्यापुरते एकमत झाले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मग प्लेग आला. १८९६ च्या अखेरीपासून मुंबई आणि पुणे दोन्ही शहरे होरपळली. रँडच्या वधाचे साल १८९७ हे त्याच काळातले. या धामधुमीच्या वर्षांत बाळू मुंबईस आले. बी. बी. सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि मरीन लाइन्सवरच्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांना आपल्या संघात घेतले. येथेही कुरकुर झाली. पण मुंबई हे पुणे नव्हते. कीर्तिकर नावाच्या कर्णधाराने जिमखान्यातील विरोधकांची समजूत काढली. हळूहळू येथे सहभोजनही सुरू झाले. पाठोपाठ शिवरामही संघात आले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे आणखी दोन भाऊ पुढच्या फळीत दाखल झाले.

फेब्रुवारी १९०६. वंगभंगाला चार महिने झाले होते, स्वदेशीच्या होळ्या पेटत होत्या. अशा वेळी हिंदूंचा संघ बॉम्बे जिमखान्यावर युरोपियनांशी खेळायला उतरला. ज्या जिमखान्याचे सभासदत्व कोणाही हिंदी माणसाला नव्हते त्याच मैदानावर. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियनांच्या धावा १९१ आणि १०२. सामना १०९ धावांनी हिंदूंचा झाला आणि त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. मैदानाभोवती हजारोंची गर्दी होती. के. नटराजन यांच्या 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या पत्राने या विजयाचे जे विवेचन केले ते आजही वाचण्यासारखे आहे: पुण्यात चहासाठी बाहेर बसवलेला माणूस मुंबईत सहकाऱ्यांच्या पंक्तीला बसला, यात त्या पत्राला हिंदू समाजाच्या प्रगतीचे टप्पे दिसले, आणि हजारो तरुण हिंदूंची मने उदार करण्याचे जे काम अन्य प्रयत्नांना साधले नाही ते या बंधूंच्या प्रवेशाने साधले, असा त्याचा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष थोडा घाईचा होता असे आज म्हणावे लागते. जो सामना जिंकून देतो त्याला पंक्तीला घेणे सोपे असते. 'रिफॉर्मर'ने विचारले नाही ते असे: जो चेंडू वळवू शकत नाही अशा चांभाराचे काय?

१९११ साल बाळूंच्या कारकिर्दीचा कळस. पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदरसिंह यांच्या नेतृत्वाखाली 'अखिल भारतीय' म्हणवणारा पहिला संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. पारशी, हिंदू, मुसलमान आणि शीख असे सर्व त्यात होते. बाळू होते, शिवरामही होते. कर्णधाराचे वय एकोणीस. त्याचा बराच वेळ मेजवान्यांत गेला, कारण त्याच उन्हाळ्यात पंचम जॉर्जचा राज्याभिषेक होता. संघाचा एक चांगला फलंदाज केकी मिस्त्री महाराजांचा खासगी सचिव. त्यामुळे तोही त्यांच्याबरोबर फिरत राहिला. संघाने २३ सामने खेळले, त्यांपैकी १५ हरले. या वाताहतीत पस्तिशी गाठलेले बाळू दुखऱ्या खांद्याने चेंडू टाकत राहिले. दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी. लॉर्ड्सवर एम. सी. सी.विरुद्ध ४ बळी. लेस्टरशायरविरुद्ध सामन्यात ११ बळी, आणि प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांत जे दोनच विजय मिळाले त्यांतील एक हा. दुसरा विजय सॉमरसेटविरुद्ध, शिवरामच्या नाबाद शतकाच्या बळावर, अवघा एक गडी राखून. पालवणकरांच्या घरातील दोन माणसे वजा केली तर या दौऱ्यात सांगण्यासारखे फार थोडे उरते.

इंग्लंडमधील जाणकारांनी त्यांची गणना उत्तम डावखुऱ्यांत केली. काही काउंटी संघांना ते हवेसे वाटले असेही सांगितले जाते. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या प्रसंगी दिलेले मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने लिहिले होते, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नमूद केले आहे. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव आंबेडकर.

आता प्रश्न उरला तो कर्णधारपदाचा. १९१२ पासून मुसलमानांचा संघ आल्याने तिरंगी स्पर्धेची चौरंगी झाली. हिंदूंच्या संघात बाळूंपेक्षा अनुभवी कोणी नव्हते. तरीही दरवर्षी कर्णधार नेमताना त्यांचे नाव मागे पडे. १९१३ साली कर्णधार झालेल्या म. दा. पै यांनी आपल्याच सत्कार समारंभात सांगितले की, हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी असलेल्या बाळूंना मिळायला हवा होता. पै यांचे हे सौजन्य खरे होते, पण पुढची सात वर्षे काही बदलले नाही.

संघात असणे आणि संघाचा प्रमुख असणे यांतील अंतर येथे स्पष्ट होते. गोलंदाज कितीही मोठा झाला तरी त्याला चेंडू कोणीतरी देतो. क्षेत्ररक्षक कोठे उभे राहतील, कोण केव्हा टाकील हे कर्णधार ठरवतो. दहा माणसांना हुकूम देतो. चांभाराच्या हातून बळी चालत होते, पण त्याच्या तोंडून हुकूम चालत नव्हता.

डिसेंबर १९२० मध्ये हे प्रकरण चव्हाट्यावर आले. बाळूंना वयामुळे वगळण्यात आले होते. पहिल्या सामन्याच्या वेळी पै आजारी पडले, तेव्हा कर्णधारपद विठ्ठल पालवणकरांकडे न देता पुण्याच्या द. ब. देवधरांकडे देण्यात आले. देवधर हे पुढे महाराष्ट्राच्या क्रिकेटचे भीष्माचार्य ठरले. त्यांच्या योग्यतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न ज्येष्ठतेचा होता आणि ती विठ्ठलांकडे होती. विठ्ठल आणि शिवराम दोघांनी संघातून माघार घेतली आणि आपल्याला जातीमुळे डावलले गेले, हे वृत्तपत्रांतून स्पष्ट शब्दांत मांडले. त्याच महिन्यात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते आणि गांधीजी अस्पृश्यता-निवारण ही स्वराज्याची अट म्हणून सांगत होते. मुंबईत लोकमत तापले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यापूर्वी तडजोड झाली: पै परतले, दोघे भाऊ परतले आणि वगळलेले बाळू उपकर्णधार म्हणून संघात आले. सामना चालू असताना पै मैदान सोडून बाहेर गेले आणि काही काळ नेतृत्व बाळूंच्या हाती आले. वय पंचेचाळीस. ही त्यांची कर्णधारपदाची सगळी कारकीर्द.

ज्या गोष्टीसाठी थोरला भाऊ थांबला ती धाकट्याला मिळाली. १९२३ साली विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले, युरोपियनांना हरवले आणि लोकांनी त्यांना खांद्यावरून मिरवले. विठ्ठलांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. बाळूंनी स्वतःविषयी असे काही लिहून ठेवले नाही. त्यांचे मन कळते ते इतरांच्या लेखणीतून आणि त्यांच्या राजकारणातून.

ते राजकारण आजच्या वाचकाला अवघड जाते. १९३२ सालच्या दोन घटना शेजारी ठेवल्यास ते थोडे उलगडेल. जूनमध्ये भारताने लॉर्ड्सवर आपला पहिला अधिकृत कसोटी सामना खेळला. बाळूंचे वय तेव्हा छप्पनच्या आसपास. म्हणून आकडेवारीच्या पुस्तकांत त्यांच्या नावापुढे एकही कसोटी नाही. सप्टेंबरमध्ये गांधीजींनी येरवड्यात स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध उपोषण आरंभले आणि २४ तारखेला पुणे करार झाला. करारावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांत आंबेडकर आहेत आणि बाळूही आहेत. मात्र दोघे विरुद्ध दिशांनी त्या टेबलापाशी आले होते. आंबेडकरांनी नाइलाजाने सही केली. बाळू हे आधीपासून मद्रासच्या एम. सी. राजा यांच्यासह संयुक्त मतदारसंघांच्या बाजूचे होते. १९३३ मध्ये ते मुंबई नगरपालिकेची निवडणूक हिंदू महासभेकडून लढले आणि हरले.

आणि मग १९३७. मुंबई प्रांतिक कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने डॉ. आंबेडकरांविरुद्ध बाळू पालवणकरांना उभे केले. प्रसिद्ध खेळाडू, दलित समाजातलाच उमेदवार. हिशेब उघड होता. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फरक २,०२० मतांचा. समाजमाध्यमांवर या निवडणुकीचा उल्लेख होतो तेव्हा बाळूंना एक तर फितूर ठरवले जाते किंवा भोळे. दोन्ही निवाडे त्यांच्या पूर्वायुष्याकडे न पाहता दिलेले आहेत. ज्या माणसाने मातीच्या पेल्यापासून कपबशीपर्यंतचा प्रवास एकाच जन्मात, त्याच लोकांबरोबर राहून केला, त्याला हिंदू समाज आतून बदलू शकतो असे वाटणे स्वाभाविक होते. तो बदल त्याने डोळ्यांनी पाहिला होता. आंबेडकरांचा प्रश्न वेगळा होता. त्यांना सामना जिंकून देण्याच्या अटीवर मिळणारी कपबशी नको होती. ती कोणतीही अट न घालता, सर्वांना, कायद्याने हवी होती. बाळूंचे स्वतःचे आयुष्यच आंबेडकरांच्या बाजूने साक्ष देत होते असेही म्हणता येईल, कारण इतके बळी घेऊनही १९२० पर्यंत त्यांना जे मिळाले नव्हते ते अखेर भावांच्या बंडामुळे मिळाले, गुणवत्तेच्या कौतुकामुळे नव्हे. मतदारांच्या मनात हे सारे किती होते ते सांगता येत नाही. पण त्यांच्यातील ११,२२५ जणांनी त्या वृद्ध गोलंदाजाला मत दिले, हीही त्या काळाची एक नोंद आहे.

त्यांची प्रथम श्रेणीतील आकडेवारी अशी: ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. ज्या स्पर्धेने त्यांना नाव दिले ती चौरंगी १९३७ मध्ये पंचरंगी झाली आणि धर्मावर आधारलेले संघ नकोत या मागणीमुळे १९४६ मध्ये कायमची बंद पडली. त्यानंतर त्यांचे नावही मागे पडत गेले. २००२ मध्ये गुहा यांचा क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरील ग्रंथ आला तेव्हा कोठे नव्या पिढीने ते पुन्हा ऐकले.

बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. सांताक्रूझच्या स्मशानभूमीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. दलित समाजातील अनेक नेते आणि लोकप्रतिनिधी तेथे हजर होते. चारच महिन्यांनी न्यूझीलंडचा संघ भारतात आला आणि सुभाष गुप्ते नावाच्या मुंबईच्या पंचवीस वर्षांच्या फिरकी गोलंदाजाने त्या मालिकेतील पाच कसोटींत ३४ बळी घेतले.